स्कोलिन उतरेना

अपेंडिक्स निघालं, टाके पडले, सर्जन हातमोजे काढून मोकळे झाले, आणि आमची पेशंट श्वासच घेईना. मी भुलीची डॉक्टर, हाताने श्वासाची रबरी बॅग दाबत होते. दाबली की छाती वर यायची. थांबले की काहीच नाही.

भूकंपानंतरची वर्षं. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. ही धर्माबादची मुलगी, बारावीसाठी आलेली. एरवी मी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलं असतं. पण पाठीत सुई टोचली की कंबर जन्मभर दुखते, अभ्यासाला बसता येत नाही, हे होस्टेलमधलं शास्त्र. ती हटूनच बसली. म्हणून पूर्ण भूल.

पूर्ण भूल म्हणजे एकच औषध नव्हे. झोपेला पेंटोथाल, वेदनेला पेथिडिन आणि घशात नळी घालताना स्नायू ढिले पडावेत म्हणून स्कोलिन. स्कोलिनने श्वासाचे स्नायूही थांबतात. पण रक्तातलं एक एन्झाइम त्याला काही मिनिटांत मोडून टाकतं. त्यावरच आमचा सगळा भरवसा.

मग उतरेना का? पेथिडिन जास्त झालं म्हणावं, तर डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात; हिच्या नव्हत्या. डोस पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. बरोबर होता. डोकं चालेना आणि खरं सांगते, मी घाबरले होते. ही आतून जागी असेल आणि ओरडता येत नसेल, या धास्तीने झोपेचं औषध थोडं थोडं देत राहिले.

"मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही?" सर्जनने विचारलं.

"श्वास देतेय. बॅग धरा जरा."

बाहेर तिचे वडील होते, आडतीचं दुकान असलेले. घरात कुणाला भुलीतून उठायला उशीर झाला होता का, असं त्यांना विचारलं.

"माझी थोरली बहीण. नांदेडला आपरेशन झालं तवा लई वेळ उठली न्हाई. देवीला बोललो, मग उठली."

"तुमचं लग्न नात्यातलं?"

"हाव. मामाचीच पोरगी केली. आमच्यात तसंच चालत आलंय."

तेव्हा कुठे उजेड पडला. काही घराण्यांत ते एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असतं. आई-वडील दोघांकडून दोष आला की स्कोलिन तासन्‌तास उतरत नाही. त्यावर हुकमी उतारा नाही. तेवढा वेळ पेशंटचा श्वास आपण चालवायचा. आम्ही आळीपाळीने बॅग दाबली. संध्याकाळी तिने घशातली नळी चावली, म्हणजे स्नायू परत आले, आणि मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांना सगळं समजावलं. हिला पुन्हा हे औषध नको, नातेवाइकांना सांगा, आणि लग्न नात्याबाहेर करा.

"कुणाला सांगू नका मॅडम," ते हळूच म्हणाले. "रक्तात खोट हाय म्हणल्यावर बाहेरचा कोण करंल तिला? थोरल्या बहिणीचा पोरगा हाय. त्यालाच देऊ."

म्हणजे भुलीतून उशिरा उठलेल्या त्याच आत्याचा मुलगा; दोष त्याच्याही रक्तात असणार. तेव्हापासून सुई भरण्याआधी मी घरातली लग्नं विचारते, आणि दोष सापडला तर बापाच्या आधी पेशंटला सांगते. त्या दिवशी मुलीला एकटीला गाठलं आणि औषधाचं नाव तिच्याकडून पाठ करून घेतलं. पाठांतर तिचं पक्कं होतं.