काकाजींचे पाच स्पीकर

आवाजाला इतका मान देणारा आणि आवाज इतका कमी ऐकू येणारा दुसरा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात सापडणार नाही, हे आमच्या शेजारच्या काकाजींबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकते. एरवी मी छातीठोकपणे काही सांगत नाही. मुळात मी फारसं बोलतच नाही, आणि बोलले तरी समोरच्याला पुन्हा विचारावं लागतं. अशा मुलीची आणि बहिऱ्या माणसाची मैत्री व्हावी, हा योगायोग विचित्रच. पण ती झाली, आणि ती स्पीकरमुळे झाली.

काकाजींनी बत्तीस वर्षं माजरीकडच्या कोळशाच्या खाणीत सुरुंग उडवले. दगडात भोकं, त्यांच्या भाषेत 'होल', पाडून झाली की त्यांत दारू भरायची, तारा जोडायच्या, सायरन वाजवायचा, सगळ्या माणसांना लांब पिटाळायचं आणि मग बटण दाबायचं. कानात घालायची बोंडं त्यांना मिळाली होती. ती त्यांनी निवृत्तीपर्यंत शर्टाच्या खिशात नव्यासारखी जपून ठेवली. "कानच बुजवले तर सायरन कसा आयकू येईन?" असा त्यांचा बिनतोड सवाल होता. त्यामुळे घरी परतले तेव्हा डावा कान संपला होता आणि उजव्यात, अगदी जवळ जाऊन ओरडलं, तर थोडंफार पोचायचं.

खाण सुटली तरी खाणीची शिस्त काही सुटली नाही. पाण्याची मोटर चालू करायची तर आधी अंगणात येऊन "बाजूले व्हा, चालू करून राह्यलो!" असं तीनदा ओरडायचं. कुकर चढवला की स्वयंपाकघराच्या दारात आडवा हात धरून उभं राहायचं आणि तिसरी शिटी होईपर्यंत काकूंनाही आत जाऊ द्यायचं नाही. दिवाळीत आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना ते काठीला लाल फडकं बांधून ठेवत, शिटी मारत, सायकलवाल्यांना थांबवत, म्हाताऱ्यांना ओट्यावरून उठवत, आणि एवढं सगळं झाल्यावर एक लवंगी फटाका लावत. तो फुटला नाही तर मग काही खरं नसे. न फुटलेल्या सुरुंगाजवळ अर्धा तास कुणी फिरकायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात पवित्र नियम. "फुटला तो आपला. नाई फुटला तो आपला नाई," असं सांगत ते त्या करंगळीएवढ्या फटाक्यापुढे घड्याळ बघत उभे राहत, आणि अख्खी गल्ली तोवर दोन्ही टोकांना अडकून पडे.

काकू मात्र या सगळ्याला त्यांच्यासमोर कधी हसल्या नाहीत, की रागावल्या नाहीत. त्यांची साखर फार जुनी होती आणि ती हळूहळू डोळ्यांत उतरली. आधी सुईत दोरा जाईना, मग माणसं धूसर झाली. काकाजी आणि काकू दुपारी टीव्हीवर सिनेमा बघत, तो दोघं मिळून एक सिनेमा बघत. चित्र काकाजी सांगायचे आणि बोलणं काकू सांगायच्या. मी अभ्यासाला बसायचे ती खिडकी त्यांच्या खिडकीसमोरच होती, त्यामुळे मला दोन्ही ऐकू यायचं.

"बाई रडून राह्यली," काकाजी म्हणायचे.

"रडून नाई राह्यली जी, हासून राह्यली. तिचं लग्न जमलं."

"मंग तोंड काऊन असं वाकडं केलं तिनं?"

पुढे काकूंचं धुकं दाट झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जेवढं दिसतंय तेवढंही टिकणार नाही, आता सवय करायची. त्या दिवसापासून त्यांच्या खिडकीतून येणारा सिनेमा बिघडला. एकाच खोलीत चार माणसं बोलू लागली की काकूंचा गोंधळ व्हायचा. "कोन आलं? कोनत्या बाजूनं आलं? हा तोच काय?" असं त्या विचारत. काकाजींना तो प्रश्नच ऐकू जात नसे. ते वेगळंच काही सांगत राहत. एके दिवशी काकू म्हणाल्या, "बंद करा जी. मले आता काई समजत नाई." टीव्ही बंद झाला. नंतरचे कितीतरी दिवस त्या घरातून दुपारी आवाजच आला नाही, आणि त्या शांततेत माझाही अभ्यास होईना.

मग काकाजी भद्रावतीला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दुकानातल्या भाईजाननं त्यांना खुर्चीत बसवलं, भोवती पाच स्पीकर लावून दाखवले आणि कानात ओरडून सांगितलं, "काकाजी, आँख बंद करके बैठो. कौन किधर से आया, सब समझता!" काकाजींना त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. पण डोळे बंद करून सगळं समजतं, एवढं त्यांच्यापर्यंत नेमकं पोचलं. संध्याकाळी ऑटोतून भलंमोठं खोकं उतरलं. दुकानाचा फिटर मात्र त्यांनी परत पाठवला. "बत्तीस वर्षं तारा जोडल्या मी. मले फिटर शिकवन काय?"

पण सोबतचं पुस्तक इंग्रजीत निघालं, आणि ते आमच्या दारात आले. "हे इंग्लिसमधी शिकली ना तुमची पोरगी? पाठवा तिले." आई म्हणाली, "शिकली तं आहे, पन तोंडातून आवाज निघंन तवा ना!" मी पुस्तक घेतलं आणि गेले. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

पुस्तकात पहिल्याच पानावर चित्र होतं. मधोमध खुर्ची आणि भोवती पाच स्पीकर, तीन पुढे, दोन मागे. काकाजींनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पाचही होलच्या मधी मानूस बसवाचा?" ते म्हणाले. "या पुस्तकवाल्याले कोनी कामावर कसं ठेवलं?"

मी काहीतरी पुटपुटले. ते त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी खोलीत खडूनं खुणा केल्या, दोरीनं अंतरं मोजली, पाचही स्पीकर भिंतीला लावले आणि काकूंची खुर्ची उचलून बाहेर ओसरीत नेऊन ठेवली. मग तारा जोडायला बसले. ते काम त्यांनी इतक्या सुरेख हातानं केलं की मी बघतच राहिले. पहिल्या स्पीकरची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, पाचव्यापर्यंत एकच माळ, आणि तिची दोन टोकं टीव्हीला जोडलेल्या डब्याला. खाणीत सुरुंग असेच जोडतात. पुस्तकात मात्र प्रत्येक स्पीकरला स्वतःची वेगळी तार होती. हे मला दिसत होतं, आणि मी गप्प होते.

काकाजींनी अंगणात जाऊन तीनदा इशारा दिला, आत येऊन बटण दाबलं आणि धावत ओसरीत आले. आतून अगदी बारीक, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"कोनी तरी लय दुरून बोलून राह्यलं," काकू हळूच मला म्हणाल्या.

काकाजींना अर्थातच काही ऐकू आलं नाही. त्यांनी दोन्ही हात पसरून दार अडवलं. "नाई फुटला! कोनीच आत जावाचं नाई! अर्धा घंटा!"

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. कोळशाच्या धुळीनं मळलेलं ढगाळ आभाळ, ओसरीत आम्ही दोघी, आणि दारात घड्याळ बघत उभा असलेला एक म्हातारा माणूस. आत कुणीतरी आपलं इवल्याशा आवाजात सगळा सिनेमा बोलून दाखवत होतं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसताच म्हणाल्या, "यायले सांगू नको वं बाई, वाईट वाटंन. माह्यासाठी करून राह्यले."

तरी मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं, 'प्रत्येक स्पीकरला वेगळी तार. काकू मधे.' माझं मराठी अक्षर पाहून काकाजी म्हणाले, "हे बी इंग्लिसच आहे काय?" पण वाचलं. मान खाली घालून सगळी माळ सोडली आणि दोन दिवस खपून पुन्हा जोडणी केली. कुठल्या स्पीकरमधून आवाज येतोय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, म्हणून ते प्रत्येकावर तळहात ठेवून थरथर बघायचे आणि मी बोटं वर करून एक ते पाच सांगायचे. काकूंना मधोमध बसवण्याआधी ते स्वतः त्या खुर्चीत पाच मिनिटं बसून आले. काही होत नाही याची खात्री केल्याशिवाय त्यांनी काकूंना तिथे बसू दिलं नाही.

या वेळी आवाज भरपूर आला. पुढे कुणी दार उघडलं, डावीकडून भांडण आलं, आणि मागच्या दोन स्पीकरमधून पावलं वाजत आली. काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"माह्या मांगं कोन चालून राह्यलं?"

मी म्हटलं, सिनेमातलं आहे. त्यांनी मान हलवली, पण हात सुटले नाहीत. काकाजी समोर उभे राहून त्यांचा चेहरा वाचत होते, परीक्षेचा निकाल वाचतात तसा. थोड्या वेळानं ते पाणी आणायला आत गेले. काकूंनी मान इकडून तिकडे वळवली आणि एकदम घाबऱ्या आवाजात हाक मारली, "अहो! कुठी गेले जी? अहो!"

ते तर स्वयंपाकघरात होते, आणि हाक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. मी बटण बंद केलं. शांतता झाल्यावर माठावरचं झाकण वाजलं, चपला घासत आल्या, आणि काकूंचे हात खुर्चीवरून सुटले.

"हे असे खोकलतात, भांडं आपटतात, त्याच्यानं मले समजते कुठी आहेत ते," त्या मला म्हणाल्या. "हा डब्बा चालू झाला का हे घरातून नाईसे होतात. त्यायले सांग वं, मले नको हे."

"काय म्हने ती?" काकाजींनी विचारलं. त्यांच्या हातात पाण्याचा गिलास होता आणि चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला उठून घरी जावंसं वाटलं. मी हळूच सांगितलं. त्यांनी उजवा कान पुढे केला. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

"तुमचा आवाज ऐकू येत नाही त्यांना! तुम्ही कुठे आहात ते कळत नाही!"

समोरच्या ओट्यावरची माणसं उठून बघू लागली. माझे कान तापले. काकाजी मात्र चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले.

"माहा आवाज?" ते म्हणाले. "मी कुठी आवाज करतो?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपल्या चपलांचा, खोकल्याचा, भांड्यांचा आवाज होतो आणि कुणीतरी तो दिवसभर धरून चालतं, हे त्यांना कसं ठाऊक असणार? ते खाली बसले. मग एकेक तार सोडून, नीट गुंडाळून, त्यांनी पाचही स्पीकर खोक्यात भरले.

आता मी नोकरीसाठी नागपूरला असते. सुट्टीत गावी आले की दुपारी त्याच खिडकीत बसते. काकूंना आता अजिबात दिसत नाही. काकाजींचा उजवा कानही गेला. पण त्या घरातून दिवसभर काकाजींचा आवाज येतो, पूर्वीपेक्षा मोठा. "चहा ठेवून राह्यलो." "आता मी अंगनात आहो." "कपडे काढून राह्यलो दोरीवरचे, आलोच." आतून काकू "हो जी" म्हणतात. ते काकाजींना ऐकू जात नाही. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर ते हातातलं काम टाकून दारापर्यंत येतात, काकूंचे ओठ हलले का ते बघतात, आणि मग पुन्हा कामाला जातात.