खळीची वाटी

आदरणीय यादवराव धकाते यांची आणि माझी पहिली भेट एखाद्या ग्रंथालयात झाली असती, तर ती या गौरवग्रंथाला शोभली असती. ती झाली कळमन्याच्या बाजारात, संत्र्यांच्या ढिगांमध्ये. मला एम.ए.साठी गावतलावांवर लिहायचं होतं आणि कुणीतरी सुचवलं होतं, "तिथे वजनकाट्यावर एक बाबू आहेत, त्यांना गाठ." सर काट्याशी उभे होते. ट्रॅक्टर थांबला की वजनाच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "कोणतं गाव गा? तलावाच्या पाळीवर झाड कोणतं हाये?" शेतकरीही सरावलेले. एकाने उतरता उतरताच सांगितलं, "मोह होता बाबू, पडला वादळात." सरांनी हळहळत ते कागदाच्या कपट्यावर टिपलं आणि मग माझ्याकडे वळून गाव विचारलं. उमरेडच्या विणकरांच्या घरातली म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे आपण एकाच सुताचे," आणि चहा मागवला.

"गावंच माझ्याकडे येत होती, मी फक्त विचारत होतो," असं सर आपल्या लेखनाबद्दल सांगतात. हे अर्धंच खरं. आठवडाभर ऐकलेलं रविवारी एसटीने जाऊन डोळ्यांनी पाहायचं, हा शिरस्ता त्यांनी उभी नोकरी पाळला. म्हणूनच त्यांच्या पुस्तकांत तलाव, त्याच्या काठचं झाड, त्यावरचे पक्षी आणि तो खणणारी माणसं एकमेकांना सोडून येत नाहीत. शब्दांच्या नटव्या थाटाचं त्यांना वावडं आहे. मी एका टिपणात "निळाशार जलाशय" लिहिलं होतं, त्यावर त्यांनी काट मारली. "पाणी गढूळ हाये त्याचं. तळाशी चिखल हाये म्हणून तर शिंगाडा येते. त्याच्यात लाजाचं काहून?" तेव्हापासून माझ्या लिहिण्यात निळाशार काही राहिलं नाही.

माझे बाबा हातमागावर बसत. माग बंद पडला आणि ते लकडगंजात लाकडाच्या एका दुकानावर पहारेकरी झाले. त्यानंतर ते घरात फारसं बोलेनासे झाले. सर एकदा आमच्याकडे आले, बाबांसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले आणि विचारलं, "भाऊ, कोणत्या तलावाच्या पाण्यात सूत चांगलं भिजते?" बाबांनी आधी अंदाज घेतला, मग उत्तर दिलं, मग थांबलेच नाहीत. आईचा स्वयंपाक होऊन निवला तरी दोघं बोलतच होते. पुढे छापलेल्या पुस्तकात बाबांचं नाव आलं. ते पान बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, आणि वाचायला चष्मा नाही असा बहाणा करून त्यालाच मोठ्याने वाचायला लावत. सरांचे माझ्यावर उपकार पुष्कळ आहेत, पण हा सगळ्यांत मोठा.

आता जे सांगायचं आहे, ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. सरांचा एक नियम आहे. ज्या गावाबद्दल लिहिलं, त्या गावात जाऊन, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून, सगळ्या मोहल्ल्यांतली माणसं बोलावून ते वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्यांनी सांगितलेली दुरुस्ती करायची आणि मगच छापायचं. तलावांच्या पुस्तकाच्या वेळी त्यांनी हे काम काही गावांपुरतं माझ्यावर सोपवलं. त्यांतलं एक उमरेडच्या पुढचं. त्याचं नाव देत नाही, कारण तिथल्या जुन्या मालगुजार जमीनदारांचे वंशज आज आमचे स्नेही आहेत. मी त्यांच्या ओसरीवर बसून चहा घेतला, मजकूर वाचला. तलाव त्यांच्या पणजोबांनी बांधला असं त्यात होतं, त्यांनी मान डोलावली. पलीकडच्या काठाला ढिवर मोहल्ला होता, मासे धरणाऱ्यांचा. ऊन होतं, पाय दुखत होते, परतीची एसटी सुटायची होती. मी गेले नाही. हस्तलिखिताच्या समासात मात्र लिहिलं, "गावात वाचून दाखवलं."

पुस्तक छापून आलं. काही महिन्यांनी शिंगाड्याच्या टेम्पोबरोबर त्या गावच्या सोनाबाई कळमन्यात उतरल्या. मी तिथेच होते. पदरात गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी सरांपुढे धरलं. "नातीनं वाचून दाखवलं बाबू. दुष्काळात आमच्या आज्या-पणज्यानं डोक्यावर माती वाह्यली, अन् नाव दुसऱ्याचं काहून छापलं? तुमच्या बाईले आमचा मोहल्ला नाई दिसला?"

सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. सर हात जोडून म्हणाले, "बाईचं नाई वं माय, माझं चुकलं. मी येतो."

ते गेले. मलाही नेलं. ढिवर मोहल्ल्यात दिवसभर बसून त्यांनी सगळं ऐकलं. कुणी पाळीचा कोणता भाग उचलला तेही माणसं सांगत होती, आणि सर एकेक नाव पुन्हा विचारून लिहीत होते. नवी आवृत्ती काढायला प्रकाशक राजी नव्हते, तेव्हा सरांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. घरी पिठाची चिकट खळ शिजवली. ताण्याला लावायची खळ आम्हा दोघांच्याही हातातली, त्यामुळे तिच्यात एक गाठ राहिली नाही. शिल्लक प्रतींवर चिठ्ठ्या डकवल्या, मग वाटी आणि चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन आम्ही शहरातल्या एकेका ग्रंथालयाची पायरी चढलो. चिठ्ठीत खरी हकीकत होती आणि शेवटी एक ओळ, "ही चूक लेखकाची आहे."

सरांच्या प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून ती चिठ्ठी सभांमधून सांगितली जाते. याही ग्रंथात दोघा-तिघांनी ती सांगितली असेल. ती ओळ खोटी आहे. सरांनी जाणूनबुजून छापलेलं, मला ठाऊक असलेलं, ते एकमेव असत्य. चूक माझी होती आणि समासातलं खोटं माझ्या अक्षरात होतं. सरांनी त्याबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात तीन नवी गावं वाचनासाठी माझ्या हाती दिली. मी त्या रात्री घरी जाऊन रडले, हेही आता सांगून टाकते.

नियमाप्रमाणे हा लेख छापण्याआधी मी प्रताप नगरातल्या घरी जाऊन सरांना वाचून दाखवला. पंचाहत्तरीत त्यांना अक्षरं नीट दिसत नाहीत, कान मात्र पाखराची जात ओळखतात. "आदरणीय" शब्दाला त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. चिठ्ठीचा परिच्छेद मी वर न बघता वाचून काढला. सर म्हणाले, "एक दुरुस्ती हाये. एसटी चुकवू नको, असं त्या दिवशी मीच तुले बजावलं होतं. ते लिही."

सर असं काहीही म्हणाले नव्हते. मला तो दिवस लख्ख आठवतो. पण ऐकणाऱ्याची दुरुस्ती घ्यायची हा नियम त्यांचाच, म्हणून ती इथे छापली आहे. वाचकांनी ती मानू नये.

सरांच्या नव्या पुस्तकाचं हस्तलिखित माझ्या टेबलावर आहे आणि पुष्कळ गावांत त्याचं वाचन बाकी आहे. आता वाचायचं मी आणि पाळीवर बसून ऐकायचं सरांनी. त्याला लागतील तितकी वर्षं त्यांना धडधाकट लाभोत, त्यांचे कान असेच तिखट राहोत. आम्हाला घाई नाही, सर. पलीकडच्या काठापासून सुरुवात करू. एसटी चुकली तर चुकू दे.