हेटसर

आमची शाळा नाशिकहून चांदवडकडे जाताना हायवेपासून थोडी आत आहे. मी तिथे गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी हेडसरांनी शिक्षकांचे मोबाईल पहिल्या तासाला कपाटात ठेवायला लावले. कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. त्यामुळे मी आणि माझी मैत्रीण चिठ्ठ्या लिहू लागलो. ती हिंदी शिकवते. तिचे वर्ग इमारतीच्या एका टोकाला, माझे दुसऱ्या.

चिठ्ठ्या शिपाईमामा नेत. ते सूचनेची वही घेऊन दिवसभर वर्गावर्गांतून फिरत असत. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि त्यांना घाई कसलीच नव्हती. चिठ्ठी ते वाटेत वाचत. लपूनछपून नाही, व्हरांड्यात उभं राहून. एकदा मी लिहिलं, "आज डब्यात काय?" पाच मिनिटांनी मामा परत आले. म्हणाले, "मेथी हाय. मी विचारूनच आलो. चिठ्ठी द्यायची राहिली." चिठ्ठी त्यांनी मला परत दिली.

मेथीपुरतं हे चालण्यासारखं होतं. मग मैत्रिणीला कळवणचं एक स्थळ आलं. ती एकोणचाळीस वर्षांची होती. आधीच्या स्थळाच्या वेळी बातमी स्टाफरूममध्ये फुटली होती आणि अकरा जणांनी मत दिलं होतं. ते जमलं नाही, तेव्हा त्याच अकरा जणांनी कारणंही सांगितली होती. या वेळी कुणाला काही कळायला नको, असं तिने मला बजावलं.

मी गणिताची शिक्षिका. मी म्हटलं, आपण गुप्त लिपी करू.

पद्धत जुनी आणि सोपी आहे. दोघींनी एक शब्द ठरवायचा. तो शब्द भजीच्या गाडीपाशी ठरला, म्हणून 'कांदाभजी' ठरला. त्यातली व्यंजनं तेवढी घ्यायची : क, द, भ, ज. एखादं दुसऱ्यांदा आलं तर सोडून द्यायचं. कागदावर वरच्या ओळीत क, ख, ग पासून ळ पर्यंत नेहमीची अक्षरं लिहायची, ङ आणि ञ सोडून. खालच्या ओळीत आधी क, द, भ, ज आणि त्यापुढे उरलेली सगळी, त्यांच्या क्रमाने. वरच्या अक्षराच्या जागी त्याच्या खालचं अक्षर लिहायचं. म्हणजे ख चा द होतो, ग चा भ, घ चा ज, च चा ख. काना, मात्रा, वेलांटी, स्वर यांना हात लावायचा नाही. वाचणारीने खालून वर जायचं. शब्द माहीत असला की तक्ता कधीही नव्याने मांडता येतो, जवळ बाळगावा लागत नाही.

या लिपीत हेडसर 'हेटसर' झाले. चहा 'खहा' झाला. मामा चिठ्ठी उघडत, बघत, घडी घालत आणि काही न बोलता पोचवत. दोन आठवडे मी स्वतःवर खूश होते.

एका गुरुवारी मैत्रिणीची चिठ्ठी आली : "मुलभा शधिवारी फजायला येडार." मुलगा शनिवारी बघायला येणार. मुलगा सेहेचाळीस वर्षांचा होता. नाशिकला तिच्या मावशीकडे दुपारी दोनला यायचं ठरलं होतं. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा वेळ पुरेसा होता.

शनिवारी तिसऱ्या तासाला हेडसरांनी शाळा सुटल्यावर सभा लावली. सरांची सभा तीन तासांच्या आत संपल्याचं कुणाला आठवत नाही. पुढचं मला मैत्रिणीने सांगितलं. मामा सूचनेची वही घेऊन आधी तिच्याच वर्गावर गेले.

"मॅडम, तुमची दाढ दुखती."

"माझी?"

"सरांना सांगून आलोय. डावीकडची. विसरू नका."

"पण का, मामा?"

मामांनी वर्गाकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "फजायला येडार ना?"

ती गाल धरून शाळेबाहेर पडली.

सोमवारी मधल्या सुटीत आम्ही दोघींनी मामांना गाठलं. मी विचारलं, "तुम्हाला वाचता कसं आलं?"

"आधी वाटलं, मॅडमचं शुद्धलेखन बिघडलं. मग बघितलं, तर म पासून पुढं सगळं नीट हाय. म, य, र, ल, व, स, ह. चुका फक्त त्याच्या आधीच्या अक्षरात. आन हेटसर म्हंजी कोण, हे काय सांगावं लागतं?"

मी कागद काढून पाहिलं. बरोबर होतं. आमच्या शब्दातल्या अक्षरांपैकी वर्णमालेत सगळ्यात शेवटी येतो तो भ. भ पर्यंत सगळी अक्षरं सरकली होती. पुढे सरकायला काही कारणच उरलं नव्हतं. क तर पहिल्यापासून जागचा हलला नव्हता. सतरा वर्षं गणित शिकवून हे मला दिसलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि ते मामांना दिसू नये असंही वाटलं.

"शेवटाकडचं अक्षर घ्या शब्दात," मामा म्हणाले. "पण शब्द मला सांगू नका. कळला तर मी वाचणार."

आम्ही 'हळद' घेतला. त्यात ह आणि ळ दोन्ही आहेत. आता एकही अक्षर जागेवर राहत नव्हतं. हेडसर 'षेझशम' झाले.

कळवणचे गृहस्थ पहिल्या भेटीत तासभर ठिबक सिंचनावर बोलले होते. मैत्रिणीच्या मते ते घाबरले होते. ती त्यांना आणखी तीनदा भेटली. चिठ्ठ्या वाढल्या. मामा व्हरांड्यात थांबून उघडत, पालथ्या करून बघत आणि मान हलवत आणून देत. त्यांचं वाचन बंद पडल्याचं मला थोडं लागलं.

महिन्याभराने आठवीच्या वर्गावर एकाच शब्दाची चिठ्ठी आली : "षोहाम." मुलांना उदाहरण सोडवायला देऊन मी टेबलावर तक्ता मांडला. मामा दारातून हलले नाहीत.

"वाईट काय नाय ना, मॅडम?"

मी दारापाशी जाऊन हळूच म्हटलं, "होकार आहे, मामा."

"कोणाचा?"

"दोघांचा."

"मग ठीक," ते म्हणाले आणि वही घेऊन नववीच्या वर्गाकडे गेले.