दाऊदभाईंच्या गाडीतल्या कविता

दाऊदभाई गेले, हे मला तिसऱ्या दिवशी महाडच्या बाजारात कळलं. इतक्या वर्षांची ओळख, पण मला कळवावं असं कोणालाच वाटलं नाही... आणि त्यात कोणाची चूक नव्हती.

पोलादपूरहून महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांना नेणारी बस ते चालवायचे. आखातात बारा वर्षं ट्रक चालवून परतले ते एक हट्ट घेऊनच. माणसं रोज पाऊण तास समोरच्या सीटची पाठ बघत बसतात, तर तिथं काहीतरी वाचायला हवं! मग प्रत्येक सीटमागे एकेक कविता, स्वतः मोठ्या अक्षरात लिहून प्लास्टिकमध्ये घातलेली. सुरुवातीच्या मीच निवडून दिल्या. मी कॉलेजात मराठी शिकवायचो. पुढे प्रवासीच लिहू लागले. औषधी गोळ्यांच्या पॅकिंगला जाणाऱ्या सुनंदाताईंची सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावरची कविता तर गाडीत सगळ्यांना पाठ होती.

आमच्या साहित्य मेळाव्यात दाऊदभाई त्यांना घेऊन आले. अध्यक्ष मी. ‘पानी ऊन हाय,’ एवढंच त्यांनी वाचलं आणि मी थांबवलं. म्हणालो, ‘बाई, आधी भाषा शुद्ध करा. गाडीतली चिठ्ठी म्हणजे कविता नव्हे.’ सभागृह हसलं. ते हसणं मला आवडलं होतं, हे आज कबूल करतो. बाहेर दाऊदभाई एवढंच म्हणाले, ‘सर, तिला लिहिती करायला दोन वर्षं लागली मला.’ त्यानंतर ते आले नाहीत. मीही गेलो नाही; आधी त्यांनी यावं, असं वाटत राहिलं...

गेल्या आठवड्यात पोलादपूरला त्यांच्या घरी जाऊन आलो. भाभींनी चहा दिला, तक्रारीचा शब्द काढला नाही. परतताना दुपारच्या पाळीची तीच बस नाक्यावर उभी दिसली. चढलो. सुनंदाताईंनी ओळखलं, सरकून जागा दिली. समोर दाऊदभाईंच्या अक्षरात माझी कविता होती, खाली माझं नाव.

‘ही कधी लावली?’

‘मेळाव्यानंतर. आमी गाडीत तुमच्यावर लय चिडलेलो. तवा त्यांनी ही लावली. म्हनाले, वाचून बघा, मानूस वाईट नाय.’

‘आणि तुमची?’ मी विचारलं.

‘ती मीच काढून घेतली, सर. मंग परत काय लिवलं नाय.’

गाडी सुटली. महाड येईपर्यंत समोर माझीच कविता होती, आणि मान वळवून बाहेर बघायचीही मला लाज वाटत होती.