रेतीवर राहिलेला कुत्रा

सलग तीन दिवस सुट्टी, म्हणून आई, बायको आणि कुत्रा यांना घेऊन मी नावेतून गंगेपारच्या रेतीवर गेलो. आम्हां काशीकरांचा समुद्रकिनारा तोच! परतताना आम्ही नावेत चढलो, पण कुत्रा टिटवीमागे धावला आणि तेवढ्यात वाऱ्यानं नाव किनाऱ्यापासून सुटली. आम्ही चाललो असं वाटून त्यानं थेट गंगेत उडी घेतली. मध्येच एक मोटारबोट आली, अख्ख्या घाटाएवढी तरी असेल! कुत्र्याचं डोकं दिसेनासं झालं. माझं काळीज उडून रामनगरला पोचलं.

"अरे, बघतोस काय? पकड ना त्याला!" आई ओरडली.

नावाड्यानं नाव वळवली. मी पाण्यात हात घातला, मान हाताला लागली, तशी गच्च धरून त्याला वर ओढलं.

शिंदे घाट आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, सोडा आता, गुदमरेल तो!"

पण माझी बोटं उघडेचनात.