पास झाल्यानंतरची बारावी

लिझेट डेगल आठवीत गेली तेव्हा आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकायची. दहावीत ती बापाच्या बरोबरीला आली. फ्रेंचव्हिलमध्ये नदीच्या या काठाला आपण, त्या काठाला कॅनडा, दोन्हीकडे घरात फ्रेंच, आणि हिवाळा एप्रिलपर्यंत उठायचं नाव घेत नाही. अशा गावात इतक्या उंच पोरीनं बास्केटबॉल खेळायचा की नाही, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. तिलाही कुणी विचारलं नाही. गेरेट सर शाळेत गणित शिकवायचे आणि मुलींचा संघही सांभाळायचे. त्यांनी तिला जाळ्याखाली उभं केलं आणि हात वर करायला सांगितलं. तिनं केले. बारावी संपेपर्यंत ती तिथेच उभी होती म्हणा ना.

खेळायची मात्र झकास. घाम गाळायला कधी मागे नाही, चिडणं नाही, समोरची पोरगी पडली तर आधी हात देणार. फक्त स्वभावानं ती अशी, की शेवटी जो बोलेल त्याचं तिला पटायचं. हा काही भित्रेपणा नव्हता. समोरचा बोलायला लागला की त्याची बाजू तिला खरोखरच दिसायची, आणि दुसरा आला की त्याचीही. तिच्याहून वर्षानं लहान असलेली कोलेट म्हणायची, "हिच्या पुढ्यात दोन आइस्क्रीम ठेवू नका, दोन्ही वितळतील."

दर फेब्रुवारीत बँगरला शाळांच्या स्पर्धा होतात. त्या आठवड्यात आमच्या खोऱ्यातल्या गावांत चोरी करायला चोरही उरत नाही, सगळे तिथेच. लिझेटच्या बारावीच्या वर्षी तिचा संघ उपांत्य सामन्यापर्यंत पोचला आणि तिथे हरला. पण हरताना ती अशी खेळली की प्रेक्षकांत बसलेली एका मोठ्या विद्यापीठाची प्रशिक्षक उठून खाली आली. तिनं गेरेट सरांना बाजूला घेतलं. यंदाच्या जागा भरल्यात, म्हणाली, पण पोरगी अजून एक वर्ष तगड्या मुलींबरोबर खेळली, इंग्रजी लिहिणं जरा सुधारलं, तर पुढच्या वर्षी बघता येईल. त्यासाठी न्यू हॅम्पशरमध्ये एक जुनी निवासी शाळा आहे. तिथे शाळा पास झालेल्या पोरांना आणखी एक वर्ष ठेवून घेतात.

त्या वर्षाला तिथे 'पोस्टग्रॅज्युएट' वर्ष म्हणतात. शाळेतून पास होणं म्हणजे ग्रॅज्युएट होणं, आणि हे त्याच्या नंतरचं वर्ष, एवढाच त्याचा अर्थ. पण लिझेटच्या आल्सीदकाकांनी तो शब्द ऐकला आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या गावाला सांगितलं, की आपल्या भावाची, रोलाँची थोरली डॉक्टर व्हायला चाललीय, कॉलेज वगळून एकदम वरच्या वर्गात बसवतायत. आठवडाभर बायका लिझेटला आपापली गुडघेदुखी सांगत होत्या. खरं काय ते कळल्यावर काका म्हणाले, "म्हणजे पास झाल्यावर परत बारावी? मग नापास होण्यात काय वाईट होतं? मी तर फुकटात झालो होतो."

हसण्यावारी गेलं, पण लिझेटच्या डोक्यात ते बसलं. जूनमध्ये तिनं इतरांसारखी टोपी हवेत उडवली होती. वर्गातल्या पोरी कुणी फोर्ट केंटच्या कॉलेजात, कुणी कागदाच्या गिरणीत, एक तर नौदलात. सगळ्या पुढे चालल्या होत्या. हिनंच मागे जायचं की पुढे, की हे मागे जाणंच पुढे जाणं होतं?

सरांकडे गेली की तिला जावंसंच वाटायचं. सर फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे समजावायचे. अशी संधी या खोऱ्यातल्या पोरीला कुठे मिळते, बहुतेक सगळा खर्च शाळाच करणार, आणि फोर्ट केंटचं कॉलेज काय पळून चाललंय का? घरी आली की आई झनीन तिला समोर बसवायची. झनीन वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. तिचं म्हणणं सरळ होतं. अर्ध्या तासावर फोर्ट केंटला नर्सिंगचं कॉलेज आहे, तिथे तुझं नाव लागलंय, नर्स कधी रिकामी बसत नाही. उंचीचा उपयोग तिथेही होईल, म्हातारी माणसं उचलायला. त्यातही लिझेटला काही खोट सापडायची नाही. कोलेट तेवढ्यात आतून ओरडायची, की जा बाई तू, म्हणजे आपण दोघी एकाच वेळी बारावीत, गृहपाठ उतरवायला मी माझी वही पाठवत जाईन.

जुलैमध्ये निवासी शाळेच्या प्रशिक्षक व्हिटकोंबबाईंचा फोन आला. त्या इतक्या आपुलकीनं बोलल्या, की लिझेट हो म्हणाली. तीनच दिवसांनी नर्सिंगच्या कॉलेजातून विचारणा झाली आणि ती तिथेही हो म्हणाली. मध्ये शेजारच्या पेल्टियेनं विचारलं, की सप्टेंबरात बटाटा काढायला यंदाही येशील ना, यंत्रावर बटाट्यांतले खडे वेचायला तुझ्याइतका लांब हात कुणाचा नाही. तर त्यालाही हो. ती खोटं बोलत नव्हती. म्हणताना दर वेळी मनापासूनच म्हणायची. रात्री अंथरुणावर पडली की मात्र दिलेले तिन्ही हो आठवायचे, आणि हे सगळं आपोआप कसंतरी मिटेल अशी आशा धरून ती झोपायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भांडं फुटलं. नर्सिंगवाल्यांनी गणवेशाच्या मापासाठी फोन केला. तो झनीननं घेतला आणि खूश झाली. दोन दिवसांनी निवासी शाळेनं कळवलं, की मुलीसाठी मुद्दाम लांब पलंग ठेवला आहे. तोही फोन झनीननंच घेतला.

लिझेट मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. आई दारात येऊन उभी राहिली.

"हो कुणाला म्हणालीस तू?"

"दोघांना," लिझेट म्हणाली. मग शर्टाला चिमटा लावत म्हणाली, "पेल्टियेलाही."

"आणि नाही कुणाला म्हणालीस?"

लिझेटनं खरंच आठवून पाहिलं. "कुणालाच नाही, ममाँ."

झनीन रागावली, पण रागापेक्षा तिला नवलच जास्त वाटलं. पोरगी सहा फूट उंच, आणि एक 'नाही' तिच्या तोंडून निघत नाही. त्या संध्याकाळी तिनं कॉलेजात फोन लावला. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, जागा वर्षभर राखून ठेवता येईल. शाळेकडे अशी सोय नव्हती, तिथे आत्ता नाही तर कधीच नाही. एवढ्यावर गोष्ट ठरली. म्हणजे ठरली असं कुणी म्हणालं नाही. जे दार उघडं राहू शकत होतं ते तसंच ठेवलं, आणि मिटणाऱ्या दाराकडे बॅगा भरल्या गेल्या. लिझेटला हायसं वाटलं, आणि लगेच असंही वाटलं, की हे मी कुठे ठरवलं?

बाप तिला सोडायला निघाला. रोलाँ डेगल हिवाळ्यात गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वर्षात जे मिळेल ते. माणूस कमी बोलणारा. उन्हाळाभर घरात एवढी चर्चा झाली, पण त्यानं आपलं मत दिलं नव्हतं. लिझेटनं मनाशी धरलं होतं, की पापा गप्प आहेत ते विचार करतायत म्हणून. वाटेत ते सांगतील, आणि ते सांगतील तेच खरं असेल.

दुपारी रस्त्याकडेच्या खाणावळीत थांबले. रोलाँनं माशाचं कालवण मागवलं, त्यात खारी बिस्किटं चुरली, आणि शांतपणे खायला लागला. शेवटी लिझेटनंच विचारलं.

"पापा, तुम्हाला काय वाटतं? मी जावं का?"

"आपण निम्म्याहून जास्त आलो."

"तरी पण."

त्यानं चमचा खाली ठेवला. "तुझे सर बोलले की मला वाटतं, जावं. तुझी आई बोलली की वाटतं, कशाला जायचं. पोरी, मला खरंच कळत नाही गं. मी म्हटलं आपण गप्प बसावं, नाहीतर तुझा आणखी गोंधळ होईल."

लिझेट त्याच्याकडे बघतच राहिली. आपला हा स्वभाव आला कुठून हे तिला आजवर कधी सुचलं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. मग रोलाँही हसला आणि त्यानं दोघांत एक गोड मागवलं, ब्लूबेरी-पाय.

शाळा सुंदर होती, त्याबद्दल वाद नाही. पण तिथल्या संघात लिझेट सर्वांत उंच नव्हती. नेब्रास्काची एक पोरगी तिच्याहून बोटभर वर होती आणि दुप्पट चपळ. आयुष्यात पहिल्यांदा लिझेट बाकावर बसून सामने बघायला लागली. जेवणाच्या टेबलावर तिच्या आसपासच्या मुली सतरा वर्षांच्या, आपण कॉलेजात जाऊन काय काय करणार ते ठामपणे सांगणाऱ्या. तिला कुणी विचारलं, तू कितवीत, तर ती अडखळायची. पास झालेय, पण आहे अजून.

सगळ्यांत विचित्र झालं ते फ्रेंचच्या तासाला. तिला वाटलं, हा एक विषय तरी हातचा. घरी आपण बोलतो ती फ्रेंचच. पहिल्याच निबंधात तिनं लिहिलं, माझे वडील 'शार' चालवतात. आमच्याकडे शार म्हणजे गाडी. शिकवणाऱ्या आल्ड्रिचबाई पॅरिसला शिकून आलेल्या. त्यांनी कौतुकानं विचारलं, "तुझे वडील सैन्यात आहेत का? रणगाडा चालवतात?"

वर्ग हसला. लिझेट म्हणाली, "बर्फात चालवतात तो साधारण तसाच असतो."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला तासानंतर थांबवून घेतलं आणि ते शब्द कुठून आले ते विचारलं. पण गुण मात्र पुस्तकाप्रमाणेच द्यावे लागतात, म्हणाल्या. आजी ज्या भाषेत रागवायची तीत लिझेटला वर्गातले सर्वांत कमी गुण मिळाले. आणि इंग्रजी, जिच्यासाठी तिला पाठवलं होतं, ती मात्र सुधारत गेली. रविवारी घरी फोन केला की तिची फ्रेंच ऐकून झनीन म्हणायची, "तू हल्ली अशी काय बोलतेस? चर्चमध्ये वाचल्यासारखी?" लिझेट जुन्या शब्दांवर यायची, आणि सोमवारी ते पुन्हा पुसायची. यातलं आपलं कुठलं, हेच तिला कळेनासं झालं.

जानेवारीनंतर तिला खेळायला जास्त मिळू लागलं. चांगलीही खेळली. मग मार्चमध्ये बातमी आली, की ज्या प्रशिक्षकबाईंनी तिला बँगरला पाहिलं होतं त्या विद्यापीठ सोडून पश्चिमेला गेल्या. नव्या आलेल्यांची यादी वेगळी होती. कुणाची फसवणूक नव्हती. तिला कुणी वचन दिलं नव्हतंच. 'बघता येईल' एवढंच म्हटलं होतं.

व्हिटकोंबबाईंना मात्र ते लागलं. त्यांनी बरीच धावपळ करून व्हर्माँटमधल्या एका लहान कॉलेजात तिच्यासाठी जागा काढली. सगळं चांगलं होतं. सर फोनवर म्हणाले, जा. गंमत म्हणजे झनीनही म्हणाली, आता एवढं केलंस तर जा. या वेळी सगळे एकाच बाजूला होते. लिझेट दोन दिवस मैदानाभोवतीच्या चिखलातून चालत राहिली. सगळ्यांचं पटत होतं. तरी तिसऱ्या दिवशी ती बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, की मी व्हर्माँटला जाणार नाही, घरी जाणार.

बाईंनी तिला बसवलं. "तुझी खात्री आहे?"

"नाही," लिझेट म्हणाली. "खात्री नाही. पण जाणार नाही."

बाईंनी कारण विचारलं. तिनं दोनतीन सांगितली, त्यांतलं एकही धड नव्हतं. मग ती रडली. बाईंनी तिला रुमाल दिला आणि पुन्हा विचारलं नाही.

जूनमध्ये ती घरी आली. त्याच आठवड्यात कोलेट पास झाली होती, म्हणून चर्चच्या सभागृहात दोघींचा मिळून एकच केक कापला. सप्टेंबरात दोघी बहिणी फोर्ट केंटच्या कॉलेजात एकाच वर्गात नर्सिंगला बसल्या. कोलेटला पुढे रक्त बघवेना, ती वर्षभरात सोडून बँकेत गेली. लिझेट टिकली. आता ती तिथल्याच रुग्णालयात आहे, नवरा झाडांची मोजणी करायला जंगलात असतो, दोन मुलगे आहेत. ते वर्ष फुकट गेलं असं कोलेटचं ठाम मत आहे. झनीन सांगते, की त्या वर्षानंच पोरगी माणसात आली. लिझेटला विचारा, ती दोघींचं ऐकून मान हलवते. खरं तर तिनं ते पुष्कळदा डोक्यात मांडून पाहिलंय आणि हिशेब कधी जुळला नाही.

घरी आल्यावर बरीच वर्षं तिनं चेंडूला हात लावला नाही. मग एकदा एक्स-रे काढणाऱ्या इव्हेतनं विचारलं, की बुधवारी आम्ही बायका चर्चच्या सभागृहात बास्केटबॉल खेळतो, पाचवी कुणी मिळत नाहीय, येशील का? त्या सगळ्या चाळिशीच्या आसपासच्या, एकीला धाप लागायची, एक मध्येच घरचा फोन घ्यायची. लिझेट जाळ्याखाली जाऊन उभी राहिली, तर इव्हेत म्हणाली, तिथे मी उभी राहते, तू पळ. तिला पळायला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती इतकी पळाली, की गुरुवारी रुग्णालयात जिना उतरताना कठडा धरावा लागला. बुधवार तिनं अजून चुकवलेला नाही.