निळी बादली, झाकणासकट

डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात, नुसता पाण्याचा आवाज ऐकून संडासाची प्रकृती ओळखणारा माणूस एकच झाला आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. या गोष्टीचा मला लग्नानंतर बरीच वर्षं संकोच वाटत असे. आता अभिमान वाटतो. मामा ‘संडास तुंबला’ असं कधी म्हणत नाहीत. ‘पोट बिघडलंय’ म्हणतात, तेही आवाज खाली आणून, जणू घरातलं कुणी आजारी आहे. एकदा एका नातलगाच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली, आम्ही दोघं मुठीत अक्षता घेऊन उभे. आणि मामांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, भरून आलं असेल. तेवढ्यात ते माझ्या कानाशी वाकले. “जावईबापू, मांडवामागं कुणीतरी आत्ता पाणी टाकलं. ऐकलंत? ह्यांच्या पाइपाला उतार कमी आहे.” पुढचं सगळं लग्न त्यांनी त्या घराच्या काळजीत काढलं. जेवणही धड गेलं नाही त्यांना.

तारापूरला एका कारखान्यात आयुष्यभर पाइप जोडून मामा निवृत्त झाले आणि कैनाडला आपल्या लहानशा चिकूच्या वाडीत येऊन राहिले. दुसरा कुणी असता तर खुर्ची टाकून बसला असता. पण ही दोन हजार चौदानंतरची गोष्ट, गावोगाव संडास बांधायची धांदल उडालेली, आणि बांधलेल्या संडासात लोक गवताच्या पेंढ्या नाहीतर कोंबड्या ठेवत होते. मामांना ते बघवेना. ते स्कूटरवर टांग टाकून निघत, थेट सायवनच्या पाड्यांपर्यंत जात, आणि कुणी बोलावलेलं नसताना अंगणात मांडी ठोकून दोन खड्ड्यांची महती सांगत. एक खड्डा काम करतो, दुसरा विश्रांती घेतो. भरला की पाळी बदलायची. बंद केलेल्या खड्ड्याचं आपोआप खत होतं, वास नाही, घाण नाही. “आपण उपासाला पोटाला सुट्टी देतो ना? तशीच ह्याला सुट्टी,” ते म्हणत. सायवनच्या एका म्हातारीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “दुसरा रिकामाच राहणार, तर त्यात मी भात भरून ठेवू काय?” मामा हा प्रश्न पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगत होते. हसायला नव्हे. म्हातारीनं खड्ड्याचा एवढा विचार केला, याचं त्यांना फार कौतुक होतं.

संध्याकाळी मात्र ते कुठे जात नसत. वाडीत सर्वांत मोठ्या चिकूखाली त्यांच्या घरच्या विश्रांतीतल्या खड्ड्याचं झाकण होतं, त्यावर बसून ते चहा पीत. पश्चिमेकडून खारा वारा यायचा, पानांतून उतरणारं ऊन हळूहळू पिवळं व्हायचं, वटवाघळं जागी होऊ लागायची आणि मामा डोळे मिटून पाण्याच्या मागं मागं जायचे. “आता ते विटांच्या भोकांतून बाहेर पडलं. आता वाळूत मुरतंय. थोडं ह्या झाडानं घेतलं. उरलेलं निघालं ओढ्याकडं. ओढा खाडीत, खाडी समुद्रात. तिथं चिंचणीच्या होड्या उभ्या आहेत. जाळ्यात बोंबील आला. तो तुमच्या ताटात.” त्यांच्या त्या संथ आवाजात मलाही झाडाखाली बसल्या बसल्या आपण वाहत चाललोय असं वाटू लागे. अशा वेळी मामी बशीत कापलेले चिकू आणून ठेवत. आम्ही खाऊन बोटं चाटेपर्यंत मामा थांबत आणि मग त्या झाडाला कुठल्या खड्ड्याचं खत घातलंय ते सांगत. दर वर्षी मी फसलो. खोटं कशाला बोलू, तसा गोड चिकू मला दुसरीकडं कुठं मिळालेला नाही.

असाच एकदा माझ्या बायकोनं चिकूचे चिकट हात पर्समधल्या वेट वाइपनं पुसले आणि तो टाकायला ती संडासाकडं वळली. मामांनी तिला दारातच अडवलं. तिनं पाकीट दाखवलं. त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं की हे खुशाल फ्लश करा. मामांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “लिहिणाऱ्यानं कधी चेंबर उघडलंय का?” एवढंच म्हणाले आणि मामींच्या लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घेऊन आले. दोन्हींत पाणी भरलं. एकीत वर्तमानपत्राचा तुकडा, दुसरीत तो ओला रुमाल. वाइपला त्यांनी शेवटपर्यंत हेच नाव ठेवलं. बरण्या खिडकीत मांडल्या आणि येईल त्याच्या हातात चमचा देऊन ढवळायला लावलं. कागदाचा आठवडाभरात लगदा झाला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पण ओला रुमाल होता तसाच, चमच्याबरोबर पाण्यात सावकाश गिरक्या घेत राहिला. सकाळचं ऊन त्या बरणीतून आत येई तेव्हा भिंतीवर त्याची हलती सावली पडे. मी चहा थंड होईपर्यंत ती पाहत बसे. मामी मात्र म्हणत, “सगळ्यांच्या खिडकीत तुळस असते, आमच्या खिडकीत हे.”

मामांना एकच मुलगी, नीता. पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मामांनी खोलीला रंग काढून ठेवला होता, पण डॉक्टर पुण्यातले आणि बाळंतपणही तिथंच झालं. मग ठरलं की बाळाचं उष्टावण कैनाडला करायचं आणि त्यानंतर नीतानं बाळासह महिनाभर राहायचं. त्या एका महिन्यासाठी मामांनी काय काय केलं! चिकूखाली झोळी टांगायला नवा दोर आणला, झोळीच्या वरचं पान न् पान पारखून पिवळी तेवढी तोडली, आणि बाळाला त्रास नको म्हणून खुद्द संडासाच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं. नीता सासूबाईंसह आली. तिसऱ्या दिवशी उष्टावण. पाहुण्यांनी अंगण भरलं, मामांनी नातवाला मांडीवर घेऊन खिरीचं पहिलं बोट चाटवलं, त्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि मामा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात त्यांचं हसू थांबलं. कान टवकारले गेले. मागच्या दारी कुणीतरी पाणी टाकलं होतं आणि ते उतरत नव्हतं.

पुढचं सांगायला मला अजूनही जड जातं. मामांनी बाळ माझ्या हातात दिलं, धोतर खोचलं, चेंबर उघडलं आणि बांबूच्या कामटीला आकडा लावून आतून एकामागून एक ओले रुमाल बाहेर काढले. नीतानं तीन दिवस पाकिटावर विश्वास ठेवला होता. हे गाडून टाकलं असतं तर विषय तिथंच संपता. पण मामांना पुरावा सापडला होता. त्यांनी ते रुमाल साबणानं, मग फिनेलनं, मग पुन्हा साबणानं धुतले आणि बोंबील वाळत घालावेत तसे ओळीनं दोरीवर चिमटे लावून टांगले. दुपारभर ते पांढरे चौकोन वाऱ्यावर झुलत होते आणि, खरं सांगतो, सुंदर दिसत होते. तिन्हीसांज झाली. बाळाची वस्त्रं तिन्हीसांजेला बाहेर राहू नयेत, म्हणून दुपारभर पाहुण्यांत गुंतलेल्या सासूबाई लगबगीनं गेल्या, ते सगळे काढून घेऊन आल्या आणि पाटावर बसून नीट घड्या घालू लागल्या. “नीता, बाळाचे हे रुमाल किती मऊ आहेत गं!”

मामा उजळले. भर बैठकीत उभे राहून म्हणाले, “बघा! ताईंनी स्वतः घडी घातली! ज्याची घडी घालता येते ते खड्ड्यात विरघळेल कसं?” आणि मग, विचारल्याशिवायच, ते रुमाल कुठून आले तेही त्यांनी सांगितलं.

सासूबाईंनी हातातली घडी खाली ठेवली आणि त्या उठून हात धुवायला गेल्या. त्या बराच वेळ हात धूत होत्या. नीतानं वडिलांकडं पाहिलं. “पप्पा, तुम्हाला नातवापेक्षा खड्डा जास्त आहे,” ती म्हणाली. आवाजही चढवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सगळे पुण्याला गेले. महिना तीन दिवसांत आटोपला. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा खिडकी रिकामी होती आणि बरण्यांत मामींनी लिंबाचं लोणचं घातलं होतं. मामा झाकणावर बसून चहा पीत होते, पण डोळे उघडे होते.

त्यानंतर नीताचे फोन येत राहिले. मामींना. नातू चालू लागला, बोलू लागला, हे सगळं मामांना फोनच्या पलीकडच्या आवाजावरून कळत गेलं. असली दोन वर्षं गेली. मग दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात आम्ही कैनाडला गेलो, तर मोरीत कोपऱ्यात एक निळी बादली, झाकणाची, पायानं दाबून उघडायची. आत कोरी पिशवी लावलेली. झाकण इतकं लख्ख पुसलेलं की त्यात तोंड दिसावं. मी मामांकडं पाहिलं तेव्हा ते चिकूच्या झाडाकडं बघत होते.

“काय आहे जावईबापू,” ते सावकाश म्हणाले, “सायवनपासून इथपर्यंत प्रत्येकाला मी सांगितलं, संडासात काय टाकू नका. पोर तान्हं मूल घेऊन घरी आली, तर तिला टाकायचं कुठं, हे मी सांगितलंच नाही. एक बादली ठेवायची होती. एवढंच होतं.”

“नीता येतेय का?” मी विचारलं.

“बघू म्हणाली,” मामा म्हणाले.

मला काय वाटलं कोण जाणे. मी बायकोच्या पर्समधून एक ओला रुमाल घेतला, मोरीत जाऊन उगाचच तोंड पुसलं आणि पायानं झाकण उघडून त्या कोऱ्या पिशवीत टाकला. झाकण हलकेच मिटलं. मग झाडाखालून मामांचा आवाज आला.

“नीट बसतं ना झाकण?”

“बसतं मामा.”

“मग हरकत नाही,” ते म्हणाले. “ती यायच्या आधी बघून घेतलेलं बरं.”